सहलीच्या यादीत मोजे नव्हते

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

कालच्या पुरवणीत 'थंडीत मुलांची काळजी' वाचलं. तिळाचे लाडू द्या, कोवळं ऊन द्या, अंगाला तेल लावा, कोमट पाणी पाजा. वाईट काहीच नाही त्यात, पण मला सांगा, गोव्यात हे कोणासाठी छापलं? पणजीत जानेवारीतली रात्र १९-२० डिग्रीची असते. पौषात धालो, म्हणजे बायकांची रात्रीची गाणी-नाच, बघायला मांडावर बसलेल्या म्हाताऱ्या शाल घेतात, जत्रेच्या नाटकाला लोक कानाला मफलर बांधतात, एवढीच आमची थंडी. आमच्या मुलांना खरी थंडी भेटते ती नाताळच्या सुट्टीत, शाळेच्या सहलीत, मनालीला. त्यावर तुमच्या अख्ख्या अर्ध्या पानात एक ओळ नाही. रात्रभर तेच डोक्यात होतं, म्हणून आज डबे झाल्याझाल्या लिहायला बसले.

दोन वर्षांमागे माझा मुलगा नववीत होता. मडगावहून चंदीगड रेल्वेने, तिथून बस. शाळेने यादी दिली होती, त्यात टॉर्च होता, स्टीलचं ताट होतं, एक स्वेटर, एक कानटोपी. पालकांच्या मीटिंगमध्ये मी बुटांचं विचारलं तर म्हणाले स्पोर्ट्स शूज चालतील, बर्फात जायला कोट आणि गमबूट तिथे भाड्याने मिळतात. मिळतात, खरं आहे. मनालीजवळ बर्फात खेळायला नेतात त्या सोलंगच्या वाटेवर ओळीने दुकानं आहेत. पण ते बूट सकाळी एकाने घातलेले, दुपारी दुसऱ्याने, आतून ओलसर, आणि आमच्या पोराच्या पायात शाळेचे सुती मोजे, अंगात सुती बनियन. आपण वर्षभर सुतीच घालतो, आपल्याला काय माहीत की बर्फात मुलं धावतात, आत घाम येतो, सुती कपडा तो घाम पिऊन ओलाच राहतो आणि ओला कपडा अंगातली ऊब ओढून घेतो.

ग्रुपवर फोटो आले, सगळी हसतायत, मीही अंगठा टाकला. त्यानंतर काय झालं ते मला दुसऱ्या दिवशी कळलं. परत येताना बर्फ पडायला लागला, गाड्यांची रांग लागली, बूट दुकानात परत दिलेले, ओल्या मोज्यांवरच शूज चढवलेले, आणि बस जागची हलेना. हा आधी कुडकुडत होता. मग कुडकुडणं थांबलं आणि झोपायला लागला. शेजारच्या मुलाने सांगितलं, सर हा नीट बोलत नाही, जीभ जड झालीय. सरांना वाटलं घाट लागला असेल, झोपू दे. सरांना मी दोष देत नाही, त्यांचा जीव आहे मुलांवर, पण गोव्यातल्या माणसाला कोणी शिकवलंय की थंडीत कुडकुडणं आपोआप थांबलं तर ते बरं वाटण्याचं लक्षण नाही, उलट अंगाची उष्णता ३५ डिग्रीच्याही खाली चालली असं समजायचं? जीभ जड होणं, पाय अडखळणं, झोप येणं, सगळं त्यातलंच.

ओळखलं ते बसच्या ड्रायव्हरने. तो तिथलाच. त्याने मागे येऊन मुलाचे शूज-मोजे काढले, स्वतःचे लोकरीचे मोजे चढवले, ओलं बनियन बदलायला लावलं, दोन ब्लँकेटं गुंडाळली, नीट जागा झाल्यावर घोट घोट साखरेचा चहा पाजला. त्या माणसाचं नावसुद्धा मला माहीत नाही.

एवढ्यावर संपलं नाही. हॉटेलवर पोचल्यावर पायाची बोटं पांढरी आणि बधीर. कोणी म्हणे बर्फानेच चोळा, कोणी म्हणे हीटरपुढे धरा. शेवटी एका मॅडमनी काळजीपोटी गरम पाण्याची पिशवी तळपायाला बांधली. पाय बधीर, त्याला चटका कळलाच नाही. सकाळी फोड. इथल्या डॉक्टरांनी मग सांगितलं की चोळायचं तर मुळीच नाही, आणि पाणी फक्त कोमट, कोपर बुडवून सहज सोसेल असं, ३७ ते ३९ डिग्री. अजून एसीत बसला की त्याची दोन बोटं झिणझिणतात.

आणि शाळेत विचारायला गेले तेव्हा ऐकवलं, "तुमचा मुलगा नाजूक आहे, बाकीच्यांना काही झालं नाही." हे मी विसरणार नाही. मोठ्या माणसापेक्षा मुलाचं अंग लवकर थंड पडतं, वजनाच्या मानाने त्याची कातडी जास्त असते, आणि बर्फात खेळणारं मूल मला थंडी वाजते म्हणून कधी सांगत नाही. यात नाजूकपणाचा काय संबंध?

काश्मीरमधल्या शाळा डिसेंबरपासून फेब्रुवारीअखेरपर्यंत बंद असतात. हिमाचलच्या बर्फाच्या भागात जानेवारीत लांब सुट्टी असते, दिल्लीकडे थंडीची लाट आली की शाळा उशिरा भरवतात नाहीतर बंदच ठेवतात. ज्यांचा जन्म त्या थंडीत गेला त्या मुलांना ते लोक घरी ठेवतात, आणि आपण? आपल्या किनारपट्टीवर पारा १५ वर आला आणि नेहमीपेक्षा साडेचार डिग्रीने उतरला तरी हवामान खातं शीतलहर म्हणतं. तसली मुलं आपण दोन हजार मीटरवरच्या मनालीला नेतो, आणि २०२० पासून अटल बोगदा झालाय म्हणून पलीकडे सिस्सूला, तीन हजारांच्या वर. ऑक्टोबरात न्या, मे महिन्यात न्या, कोण नको म्हणतंय? नाताळातच न्यायचं असेल तर निदान हे माहीत असलेलं एक माणूस सोबत हवं, प्रत्येक मुलाकडे कोरड्या मोज्यांचे जादा जोड हवेत आणि बर्फात असताना अर्ध्या-अर्ध्या तासाने हातपाय बघायला हवेत.

मुलगा नंतर बोलता बोलता म्हणाला की रात्री पोरांनी खोलीत कोळशाची शेगडी मागवली होती, हॉटेलवाल्याने दिली नाही. देव पावला. बंद खोलीत कोळशातून निघणाऱ्या विषारी गॅसला वासही नसतो, झोपलेलं माणूस उठत नाही. दर हिवाळ्यात उत्तरेकडच्या अशा बातम्या तुम्हीच कोपऱ्यात चार ओळींत छापता.

आणखी एक. पावसाळ्यात वाळपईला किती इंच पडला ते तुम्ही रोज देता, मग थंडीत फक्त पणजी आणि मुरगावचा आकडा का? आत डोंगराकडच्या सत्तरी-सांग्याची मुलं सकाळी सातला दवात बसची वाट बघत उभी असतात, आणि युनिफॉर्मच्या रंगाचा नाही म्हणून कितीतरी शाळांत स्वेटर काढायला लावतात. त्यावर लिहा की.

परवा धाकटीच्या वर्गाचा कागद आला, तीच शाळा, तीच मनाली. यादीत परत एक स्वेटर, एक कानटोपी. त्याखाली मी पेनने लिहिलंय, लोकरीचे मोजे, चार जोड, आणि मीटिंग घेईपर्यंत सही करणार नाही म्हणून फॉर्म परत पाठवलाय.

आपली वाचक,
एक आई, डिचोली
(नाव छापू नये. मुलं अजून त्याच शाळेत आहेत.)