दादाबद्दल लिहिताना

फोंडा, गोवा

प्रिय नंदा,

सप्रेम नमस्कार.

दादाच्या वर्षश्राद्धाला घरच्यांसाठी चार पानं छापायची तुझी कल्पना मनापासून आवडली. आजाराचं नाव त्यात नको, असं काका म्हणतात आणि तू माझं मत विचारलंस. माझं म्हणणं, बायपोलर (मन कधी उन्मादात म्हणजे बेभान उत्साहात, तर कधी खोल उदासीत नेणारा आजार) हे नाव पहिल्याच पानावर येऊ दे. ते गाळलं, तर ‘आधी तापट होता, मग निवला’ एवढंच मागे राहील. रोजची मेहनत कुणाला दिसणारच नाही.

लिथियमबद्दल, म्हणजे त्या आजारावरच्या त्याच्या औषधाबद्दल, सविस्तर लिही. रात्री गोळी गिळली की काम झालं, असं लोकांना वाटतं. लिथियम हा क्षार. मूत्रपिंड त्याला जवळजवळ मिठातल्या सोडियमसारखंच वागवतं. घाम, जुलाब, उलट्या किंवा अळणी उपास यांनी अंगातलं मीठ-पाणी कमी झालं, की मूत्रपिंड मीठ धरून ठेवतं, त्याबरोबर लिथियमही अडकतं आणि नेहमीचाच डोस जास्त होतो. दादा मे महिन्यात पाण्याच्या बाटलीशिवाय बाहेर पडत नसे आणि एकादशीला अळणी खात नसे, ते याचसाठी. काकींना ते अजून खटकतं, म्हणून कारणासकट लिही.

रक्तातली पातळी साधारण ०.६ ते ०.८ ठेवतात, फार तर १ मिलिमोल प्रति लिटर. दीडच्या पुढे विषबाधेची भीती. गुण देणारी आणि बाधणारी पातळी इतकी जवळ, म्हणून तपासणीची वेळ चुकवून चालत नाही. शेवटच्या गोळीनंतर १२ तासांनी रक्त द्यायचं: रात्री नऊला गोळी, तर सकाळी नऊला रक्त. सकाळचीही गोळी असेल तर ती रक्त दिल्यावर. आधी घेतली, तर आकडा फुगून येतो आणि चांगला लागू पडलेला डोस उगाच कमी होतो. दर सहा महिन्यांनी क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची तपासणी) आणि थायरॉइडही बघायचं. गुडघा दुखला तरी आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक नाही, कारण त्यांनी लिथियम वाढतं. पॅरासिटामॉलवर भागवायचं. बरं वाटतंय म्हणून गोळी एकदम बंद केली, तर आजार काही महिन्यांत उलटतो, बहुतेक वेळा उन्मादाच्या अंगाने. दादाने हे सगळं वर्षानुवर्षं पाळलं, नंदा. किती जणांना जमतं?

त्याचे हात किंचित कापायचे, तोही लिथियमचाच परिणाम. तू त्याचा कप अर्धाच भरायचीस आणि बशी न देता हातात ठेवायचीस, म्हणजे पाहुण्यांपुढे कपबशी वाजू नये. हे नक्की लिही. (हात जोरात कापणं, जीभ जड होणं, तोल जाणं, वर उलट्या, हे मात्र वेगळं. तेव्हा पुढची गोळी न देता तडक हॉस्पिटल गाठायचं.)

आणि गणपतीची चवथ. घुमट (आरतीला वाजवायचं मातीचं वाद्य) त्याच्यासारखा वाड्यावर कुणी वाजवला नाही, पण रात्री अकरा वाजले की आरती रंगात असतानाही तो घुमट शेजाऱ्याच्या हातात देऊन उठायचा. लोक त्याला शिष्ट म्हणायचे. बायपोलरमध्ये एखाद-दुसऱ्या रात्रीचं जागरणही उन्माद सुरू करायला पुरतं. तीन तास झोपूनही माणूस ताजातवाना उठला, तर घरच्यांनी त्याच दिवशी सावध व्हायचं, आणि वहिनी नेमकं तेच बघत असत. त्यांचं नाव या पानात ठळक हवं.

बांबोळीच्या मनोरुग्णालयात त्याला ठेवावं लागलं, ते दोन ओळींत सांग. उन्मादात तो काय बोलला, कुणाला काय लिहून दिलं, ते छापू नकोस. ते बोलणं आजारातलं, आणि आता त्याला उत्तर देता येत नाही. तो हृदयविकाराने गेला, हेही स्पष्ट लिही. नाहीतर लोक भलतंच धरून चालतील.

घरात उरलेल्या गोळ्या कुणाला देऊ नका, विहिरीत किंवा मोरीत टाकू नका. पाकिटातून काढून चहाच्या चोथ्यात मिसळा, पिशवी बांधून कचऱ्यात द्या. त्याच्या उपचारांची फाइल मात्र जपून ठेव. सख्ख्या नात्यात (आईवडील, भावंडं, मुलं) बायपोलर होण्याची शक्यता साधारण ५ ते १० टक्के असते, म्हणजे बहुतेकांना होत नाही. पण पुतण्याला कधी डॉक्टरकडे जावं लागलं, तर दादाला कोणतं औषध, किती डोसात लागू पडलं, ही माहिती डॉक्टरांच्या फार कामाची. पहिल्या पानावर औषधांची नावं, डोस, सुरू आणि बंद केल्याच्या तारखा लिहून लाव. पुतण्याला टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबरही देऊन ठेव, फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं.

मजकूर आधी वहिनींना वाचून दाखव. त्यांना एखादी ओळ नको वाटली, तर ती काढ, काकांना नको वाटली तर काढू नकोस. मग मला पाठव, औषधांची नावं आणि डोस फाइलशी ताडून देते.

तुझी,
शैला