कार्ड स्कॅन झालं, पुढे काय?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

कोकणातली रुग्णालयं कागदविरहित होत असल्याचं आपल्या अंकात वरचेवर छापून येतं. चांगलंच आहे. जुलै २०२१ च्या पुरात चिपळूणमध्ये कागदपत्रांचा कसा लगदा झाला हे ज्यांनी पाहिलंय, ते संगणकाला नावं ठेवणार नाहीत. मी याच भागातल्या एका खासगी रुग्णालयात नोंदणीच्या खिडकीवर बसते. विम्याचं कार्ड संगणकात 'घेतलं' म्हणजे नेमकं काय झालं, ते लोकांना कळावं म्हणून हे पत्र.

कार्ड स्कॅनरवर ठेवलं की त्याचं चित्र रुग्णाच्या फाइलला जोडलं जातं आणि विम्याच्या रकान्यापुढे हिरवी खूण येते. ते चित्र आमच्या संगणकाला वाचता येत नाही. सभासद क्रमांक, टीपीएचं (विमा कंपनीच्या वतीने दावे हाताळणाऱ्या संस्थेचं) नाव, पॉलिसीची मुदत हे कोणीतरी बसून टाइप करायचं असतं. सोमवारी सकाळी खिडकीपुढे रांग दारापर्यंत गेलेली असते, तेव्हा हे रकाने रिकामे राहतात. पुढच्या वर्षी तोच रुग्ण आला की हिरवी खूण दिसते, म्हणून कार्ड कोणी मागतच नाही. मधल्या काळात ठाण्याला असलेल्या मुलाच्या कंपनीने, आईवडिलांना ज्यात धरलंय त्या पॉलिसीच्या नूतनीकरणाच्या वेळी, टीपीए बदललेला असतो. गावातल्या आईवडिलांना त्याचा पत्ताच नसतो. कॅशलेसचा, म्हणजे बिल परस्पर विम्यातून भरलं जावं यासाठीचा, अर्ज मग जुन्या टीपीएकडे जातो आणि तिथून परत येतो.

विमा नियामकाने मे २०२४ मध्ये परिपत्रक काढलं. कॅशलेसच्या अर्जावर एका तासात निर्णय आणि डिस्चार्जची अंतिम मंजुरी तीन तासांत, असं त्यात आहे. पण हे तास मोजायचे ते अर्ज योग्य ठिकाणी पोचल्यापासून. तोवर नातेवाईक डिपॉझिटसाठी एटीएम शोधत फिरतात, आणि शिव्या खिडकीवरच्या बाईला.

बहुतेक ठिकाणी कार्डाची फक्त पुढची बाजू स्कॅन होते. हेल्पलाइन नंबर आणि टीपीएचा पत्ता पुष्कळदा मागे छापलेला असतो. त्यात लॅमिनेशनवर दिव्याची चकाकी नेमकी क्रमांकावर पडते आणि आठ की तीन हे ओळखता येत नाही. मुलाने व्हॉट्सॲपवर पाठवलेल्या फोटोची प्रिंट, तिची झेरॉक्स, आणि त्या झेरॉक्सचं स्कॅन, असंही पुढे येतं. काही ठिकाणी तर 'कार्डाचा फोटो सिस्टरच्या मोबाईलवर टाका' असं सर्रास सांगतात. नाव, जन्मतारीख, पॉलिसी क्रमांक असं सगळं त्या खासगी मोबाईलच्या गॅलरीत पडून राहतं. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला, त्याच्या कक्षेत रुग्णालयंही येतात, याची आठवण व्यवस्थापनांना करून द्यायला हवी.

सर्वात जास्त गोंधळ आभा आणि आयुष्मान या दोन कार्डांचा. आभा हा १४ अंकी आरोग्य क्रमांक. त्यावर आपले रिपोर्ट, केसपेपर जोडता येतात, पण उपचाराचा एक रुपयाही मिळत नाही. आयुष्मान या सरकारी योजनेच्या कार्डावर अंगीकृत (योजनेत सामील) रुग्णालयात कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे ठरावीक उपचार मिळतात. शिबिरात आभा काढून आलेली माणसं 'पाच लाखांचं कार्ड आहे' म्हणून निर्धास्त असतात. आमच्याकडेही नवा मुलगा आभाच विम्याच्या रकान्यात स्कॅन करून मोकळा होतो. वर ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षं आणि त्याहून मोठ्यांसाठी आयुष्मानचंच वय वंदना कार्ड आलंय. प्लास्टिकच्या एकाच पिशवीत ही तिन्ही कार्डं, रेशनकार्ड आणि एलआयसीची पावती. कुठलं काढायचं ते आजींनी कसं ओळखावं?

सरकारी योजनेत नुसतं कार्ड दाखवून भागत नाही, माणसाची ओळखही पटावी लागते. काजूच्या कारखान्यात वर्षानुवर्षं काम केलेल्या बायकांच्या बोटांची कातडी टरफलातल्या तेलाने जळलेली असते, अंगठा मशीनवर उमटत नाही. ओटीपी मागवावा, तर तो मुंबईतल्या मुलाच्या फोनवर, आणि मुलगा लोकलमध्ये. चेहऱ्यावरून ओळख पटवायची सोय आहे, पण ती आपणहून सुचवणारे आरोग्यमित्र (योजनेच्या रुग्णांना मदत करणारे रुग्णालयातले कर्मचारी) मला तरी थोडेच भेटले.

रुग्णालयांनी यासाठी नवं सॉफ्टवेअर घ्यायची गरज नाही. कार्डाच्या दोन्ही बाजू स्कॅन कराव्यात, स्कॅनवर तारीख टाकावी, मुदत टाइप केल्याशिवाय हिरवी खूण येणार नाही असं सॉफ्टवेअरवाल्याकडून करून घ्यावं, आणि रुग्ण दर वेळी आला की 'कार्ड बदललंय का?' एवढं विचारावं. रांगेच्या वेळी खिडकीवर एक माणूस वाढवला तर फारच उत्तम, पण ते मी मागून मागून थकले.

मुंबईकरांनाही एक विनंती. गणपतीला गावी याल तेव्हा आईवडिलांचं चालू वर्षाचं कार्ड घेऊन त्यांच्या नेहमीच्या रुग्णालयात एक चक्कर मारा आणि फाइलमधलं जुनं कार्ड काढायला लावा. फक्त चतुर्थीच्या आदल्या दिवशी येऊ नका, आमचाही निम्मा स्टाफ रजेवर असतो.

आपली,
एक नोंदणी कर्मचारी, चिपळूण