बाबांच्या सुटाबद्दल

मुंबई,
पाडव्याचा दुसरा दिवस

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

काल फोनवर आई म्हणाली, बाबांनी लग्नातला सूट ट्रंकेतून काढून उन्हात टाकलाय, धाकट्याच्या लग्नात तोच घालणार म्हणतात. बाबा, फोनवर बोलले तर तुम्ही "बघू" म्हणून विषय बदलाल, म्हणून लिहायला बसले.

त्या सुटात तुमचा जीव आहे हे मला ठाऊक आहे. १९८६ साली आजोबांनी घेतलेलं कापड. पण ते टेरीवूल आहे, म्हणजे पॉलिस्टर-लोकरीची भेसळ, आणि आत खांद्यापासून खालपर्यंत पॉलिस्टरचं अस्तर. गेल्या वर्षी मावशीकडच्या लग्नात त्याच सुटात तुम्ही मांडवाचा खांब धरून उभे राहिलात. ओठ पांढरे पडले होते. मी कोटाची बटणं सोडवली तेव्हा आतला सदरा पिळून काढावा इतका भिजला होता. माझ्या डोळ्यांसमोरून ते जात नाही.

बारा वर्षं मी काळा कोट घालतेय. खालच्या कोर्टात उन्हाळ्यात कोटाची सक्ती नाही, हायकोर्टात आहे, शिवाय वरून गाऊन. मागे एप्रिलमध्ये नागपूर खंडपीठापुढे गेले होते, पारा ४२ वर होता, तरी कोटात इतकी गुदमरले नाही. मुंबईत ३३ लाच जीव नकोसा होतो. तिकडे घाम येतो तसा वाळतो आणि वाळताना अंगातली उष्णता घेऊन जातो. आपल्या किनाऱ्यावर हवाच बाष्पाने भरलेली, घाम वाळणार कुठे? तो नुसता ओघळतो. म्हणून रत्नागिरीच्या मे महिन्यात कोट पातळ असून भागत नाही, त्यातून वारा आरपार गेला पाहिजे.

म्हणून तुमच्यासाठी नवा सूट शिवून घेतेय. सोबत त्याच्या राखाडी कापडाचा तुकडा ठेवलाय. तो तोंडासमोर धरा, पलीकडे तळहात ठेवा आणि फुंकर मारा. हाताला वारा लागेल. मग जुन्या कोटाची पाठ अस्तरासकट तशीच धरून फुंका.

हे कापड लोकरीचं आहे, दचकू नका. घट्ट पिळाच्या सुताचं, विरळ विणीचं, मीटरला २४० ग्रॅमच्या आसपास. लोकर बरंच बाष्प पोटात घेते तरी हाताला ओली लागत नाही, आणि असं कापड अंगाला चिकटत नाही. लिननही चाललं असतं, पण ते बसल्या बसल्या चुरगळतं आणि तुम्हाला तर इस्त्रीची घडी मोडलेली खपत नाही. फोर्टातल्या माझ्या शिंपी मास्तरांशी बोलले आहे. पाठीला अस्तर नाही, खांद्याला पॅड नाही, छातीत आकारासाठी चिकटवतात ते जाड, कडक कापड, बक्रम, तेही नाही. बाह्यांना मात्र अस्तर हवंच, नाहीतर घामेजलेला हात आत सरकत नाही.

आणखी एक. मी लोकलमध्ये कोट घालत नाही. चर्चगेटला उतरून ओव्हल मैदानाच्या कडेने तो हातावर घेऊन चालत जाते, कोर्टात पोचले की पाच मिनिटं पंख्याखाली उभी राहते, मान आणि मनगटं गार पाण्याने पुसते आणि मगच कोट चढवते. तापलेल्या अंगावर कोट घातला की तासभर अंग निवत नाही. तेव्हा सकाळच्या विधींना धोतर आणि सुती सदराच. सूट संध्याकाळी, रिसेप्शनला, आणि जेवायला बसताना काढायचा. व्याह्यांसमोर बरं दिसणार नाही असं मनात आणू नका, मीच येऊन काढून घेईन.

आई, तुझ्या पिशवीत त्यांचे दोन कोरडे बनियन ठेव, सूट घालायच्या आधी एक बदलायला लाव. आणि ते मागतील तेव्हा पाणी देऊ असं करू नकोस. या वयात तहान कमी लागते, त्यात त्यांची रक्तदाबाची गोळी लघवी वाढवणारी आहे. दिवसभरात किती पाणी चालेल ते डॉक्टरांना आधीच विचारून घे.

जुना सूट टाकायचा नाहीच, बाबा. लग्नाच्या दिवशी पहाटे, अंगण गार असताना, तो घालून आईशेजारी उभे राहा. तुम्हा दोघांचा तसा फोटो मला हवाय.

मापं या आठवड्यात कळवा. आई, टेप बनियनवरून लाव, छातीला दोन बोटं सैल. बाबा, पोट आत ओढू नका, आत हवा खेळायला जागा लागते.

तुमची,
ताई