परिचारिकांवरील हल्ले : आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. आरोग्यमंत्री महोदय,
सविनय नमस्कार.

परिचारिकेला मारहाण झाली की निषेध होतो, गुन्हा दाखल होतो, कडक कायद्याची मागणी होते आणि चार दिवसांत सारे थंडावते. कायदा हवाच, पण तो हात उगारला गेल्यावर कामी येतो. हात उगारला जावा अशी परिस्थिती वॉर्डात कशी तयार होते, हे एक इनचार्ज सिस्टर म्हणून मी जवळून पाहते, आणि ती बदलणे बरेचसे आपल्या खात्याच्या हातात आहे, म्हणून हे पत्र.

जगभरातील दीड लाखाहून अधिक परिचारिकांची माहिती एकत्र करणारा एक आढावा २०१४ साली प्रसिद्ध झाला. त्यात सुमारे ३६ टक्के परिचारिकांनी शारीरिक हल्ला, तर सुमारे ६७ टक्के परिचारिकांनी शिवीगाळ, धमक्या अशी अन्य प्रकारची हिंसा सोसल्याचे आढळले. अपघात विभाग, मनोरुग्ण विभाग आणि वृद्धांचे विभाग येथे शारीरिक हल्ल्यांचे प्रमाण सर्वाधिक होते. हल्ले कुठे होतात याचा अंदाज आधीच बांधता येत असेल, तर त्यांना केवळ दुर्दैव म्हणून कसे चालेल?

रात्रपाळीतील अपघात विभाग पाहा. खाट रिकामी नाही, तपासणीचा अहवाल आलेला नाही, डॉक्टर दुसऱ्या गंभीर रुग्णापाशी अडकलेले आहेत, आणि नातेवाईक तासन्‌तास ताटकळत आहेत. यातला एकही निर्णय परिचारिकेचा नसतो. परंतु प्रश्न विचारायला समोर तीच असते, म्हणून संतापही तिच्यावरच निघतो. त्यात कोणी दारू प्यायलेला असला आणि सुरक्षारक्षक लांब प्रवेशद्वारापाशी असला, तर शब्दावरून प्रकरण हातघाईवर यायला वेळ लागत नाही. नवख्या मुलींना हे अधिक सोसावे लागते, कारण अनुभवी जोडीदार सोबत असेलच असे नाही.

दुसरा प्रकार निराळा आहे आणि त्याबद्दल फारसे बोलले जात नाही. शस्त्रक्रियेनंतर भ्रमावस्थेत गेलेले आजोबा मध्यरात्री सलाईनची नळी उपसू लागतात; सिस्टरने हात धरला की ते घाबरतात, तिचे मनगट पिरगाळतात, चावतात. त्यांच्यावर गुन्हा कोण आणि कशासाठी दाखल करणार? इथे उपयोगी पडतो तो वेळेवर धावून येणारा दुसरा माणूस, आणि संध्याकाळीच ओळखलेली लक्षणे. नॉर्वेमध्ये तयार झालेली ब्रोसेट तपासणी यादी मनोरुग्ण विभागांत याच कामासाठी वापरतात. गोंधळ, चिडचिड, आरडाओरडा, तोंडी धमकी, अंगावर येणे आणि वस्तूंची आदळआपट या सहा खुणांवरून पुढील २४ तासांतील धोक्याचा अंदाज घेता येतो.

प्रशिक्षण शिबिरे भरवून हा विषय मिटवू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे. केवळ प्रशिक्षणाने हल्ले कमी होतात असा खात्रीलायक पुरावा, आरोग्यविषयक संशोधन एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या २०२० च्या आढाव्याला मिळाला नाही. याउलट २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी चाचणीत प्रत्येक विभागाला त्याच्याच घटनांची आकडेवारी दाखवून तेथील कर्मचाऱ्यांकडून उपाययोजना करवून घेतली, तेव्हा सहा महिन्यांनंतर हिंसक घटनांचे प्रमाण इतर विभागांपेक्षा कमी दिसले.

पण त्यासाठी आधी नोंद व्हायला हवी. आज बहुतेक घटना कागदावर येतच नाहीत. ‘रुग्णच तो, सोडून दे’ असे सहकारी समजावतात, आणि तक्रार केलीच तर वरिष्ठांचा पहिला प्रश्न असतो, ‘तू त्यांना काय बोललीस?’ हा प्रश्न एकदा कानी पडला की ती परिचारिका पुन्हा तक्रार करत नाही. तिचे काय चुकले, हे शोधण्याआधी तिला लागले आहे का, हे विचारावे, एवढी साधी माणुसकीही आम्हाला मागून घ्यावी लागते, याचे दुःख वाटते.

आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या २०१९ च्या १९० व्या करारानुसार, कामाच्या ठिकाणचे हिंसेचे धोके कामगारांना सोबत घेऊन ओळखणे ही मालकाची जबाबदारी आहे. त्या धर्तीवर आपण आदेश काढावा : शिवीगाळीसह प्रत्येक घटनेची अर्ध्या पानात मावेल अशी नोंद व्हावी आणि तिचा दरमहा विभागवार आढावा घ्यावा, रात्रपाळीत कोणत्याही वॉर्डात परिचारिका एकटी नसावी, आणि नातेवाइकांना रुग्णाची स्थिती व विलंबाचे कारण ठरावीक वेळी सांगण्यासाठी स्वतंत्र माणूस नेमावा. सुरुवात अपघात विभागापासून करावी आणि पहिल्या आढाव्याच्या बैठकीला रात्रपाळीच्या परिचारिकांनाही बोलवावे.

आपली विश्वासू,
एक इनचार्ज सिस्टर