भट्टीनेच भट्टी विझवली

कार्डिफ, रविवार

प्रिय संजय,
सप्रेम नमस्कार.

शिरोलीच्या फाउंड्रीत उभा जन्म काढलेल्या माणसाला मी लोखंडाबद्दल लिहावं, हा आगाऊपणाच. पण ब्लेनाव्हन, म्हणजे इथल्या साउथ वेल्समधला जुना लोखंडाचा कारखाना, पाहून आलोय आणि तुला सांगितल्याशिवाय राहवत नाही.

१७८९ साली हिल, हॉपकिन्स आणि प्रॅट या तिघा भागीदारांनी इथे तीन भट्ट्या पेटवल्या. जागा हेरली मात्र झकास! खनिज, कोळसा, चुनखडी, सगळं त्याच डोंगरात. भट्ट्या उतारालाच टेकवलेल्या. माल वरून टाकायचा, रस खालून काढायचा. भट्टीत हवेचा झोत फुंकायला वाफेचं इंजिन होतं, त्यामुळे नदीच्या पाण्यावर अडत नव्हतं.

मी सगळ्यात जास्त रेंगाळलो तो १८३९ च्या दगडी मनोऱ्यापाशी. रहाटाच्या दोन बादल्यांसारखे साखळीला दोन पाळणे. एकाच्या टाकीत वर पाणी भरायचं. तो वजनाने खाली येतो आणि दुसरा लोखंड भरलेल्या वाघिणीसकट वर जातो. खाली पाणी सोडून दिलं की पुन्हा तेच. इंधनाचा खर्च शून्य. पलीकडेच कामगारांची बुटकी घरं. तिथल्या बायकांनी धुतलेले कपडे कधी पांढरे राहिले असतील का, देव जाणे.

मग पोलादाचा जमाना आला. बेसेमरच्या भांड्यात, म्हणजे वितळलेल्या लोखंडातून हवा फुंकून पोलाद करायच्या भांड्यात, खनिजातला फॉस्फरस जात नसे आणि पोलाद ठिसूळ होई. म्हणून कमी फॉस्फरसचं खनिज स्पेनहून बोटीने आणायचं. सिडनी गिलख्रिस्ट थॉमस हा लंडनच्या पोलीस कोर्टातला कारकून, रात्री रसायनशास्त्र शिकणारा. त्याचा मामेभाऊ पर्सी गिलख्रिस्ट ब्लेनाव्हनलाच केमिस्ट. दोघांनी इथे प्रयोग करून १८७८ मध्ये तोड काढली: भांड्याचं आतलं अस्तर सिलिकाऐवजी डोलोमाइटचं (चुनखडीच्या जातीचा दगड), वर चुना. फॉस्फरस मळीत, म्हणजे वितळलेल्या धातूवर तरंगणाऱ्या कीटात, उतरतो, आणि ती मळी खत म्हणून विकली जाते!

पण फायदा लाटला कोणी? जर्मनीने. तेव्हा त्यांच्या ताब्यात असलेल्या लॉरेन प्रांताचं फॉस्फरसवालं खनिज रातोरात सोन्याच्या मोलाचं झालं. इकडे डोंगरातलं खनिज आटत आलेलं आणि परदेशी माल बंदरातून घाटात चढवण्यापेक्षा कारखाना किनाऱ्यालाच बरा. गाइड नुसतं 'खनिज संपलं' म्हणतात. मला ते अर्धंच कारण वाटतं. विसावं शतक उजाडलं त्या सुमारास जुन्या भट्ट्या थंडावल्या. थॉमस तर १८८५ मध्येच गेला, अवघ्या चौतिसाव्या वर्षी.

२००० पासून हा सगळा परिसर जागतिक वारसा आहे. फोटो वेगळे पाठवतो. आणि एक सांग, तुमच्या विजेवरच्या इंडक्शन भट्टीचं अस्तर सिलिकाचंच असतं ना? मग फॉस्फरसवालं भंगार आलं तर तुम्ही काय करता? सविस्तर लिही. वहिनींना नमस्कार.

तुझा,
अनिल