केप कोस्ट ते तेमा: काही अनोळखी माणसांचे आभार

घानात नोकरीनिमित्त नव्याने आलेल्या मला केप कोस्टहून तेमाला परतताना ज्यांनी मदत केली, त्यांची नावे मला ठाऊक नाहीत; म्हणून हे आभार जाहीरपणे मानत आहे.

आमची त्रोत्रो, म्हणजे इथली खासगी प्रवासी व्हॅन, वाटेतल्या विनेबा गावाच्या अलीकडे इंजिन तापून बंद पडली. अंधार पडत होता आणि मागून येणाऱ्या गाड्या भरलेल्या होत्या. इथे वाहकाला ‘मेट’ म्हणतात. आमच्या मेटने उरलेल्या अंतराचे भाडे कुणी मागण्याआधीच प्रत्येकाला परत केले, आणि दुसरी गाडी थांबताच सर्वांत आधी मला व एका वृद्ध गृहस्थांना तीत बसवले.

त्याच गाडीत शेजारी बसलेल्या मावशींना कानेशीलाच उतरायचे होते. अक्राच्या पश्चिमेकडील या गजबजलेल्या स्थानकात गाड्यांवरच्या पाट्यांपेक्षा मेटच्या आरोळ्यांवरच सारा कारभार चालतो (अक्रातल्या ‘सर्कल’ या मोठ्या चौकाला जायचे असेल, तर बोट खाली रोखून गोल फिरवायचे, हेही मला त्यांनीच शिकवले). त्यांनी मला तेमाच्या गाडीपर्यंत नेले, मला कुठे उतरवायचे ते मेटला त्वी भाषेत बजावून सांगितले आणि त्या तिथेच उभ्या राहिल्या. गाडी भरल्याशिवाय सुटत नाही. घरी जायला उशीर होत असूनही ती सुटेपर्यंत त्या हलल्या नाहीत, आणि मधल्या वेळात त्यांनी आपल्या पिशवीतली केंकी (आंबवलेल्या मक्याच्या पिठाचा उकडलेला गोळा) व तळलेला मासा मला आग्रहाने खाऊ घातला.

त्या मावशींचा, त्या मेटचा आणि मला अगदी फाटकाशी उतरवणाऱ्या तेमाच्या चालकाचा मी मनापासून ऋणी आहे.