ग्रीन-वुडचा उल्लेख हवा होता

संपादक महोदय,

न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कवरचा लेख आवडला. पण ब्रुकलिनच्या ग्रीन-वुड दफनभूमीचा त्यात साधा उल्लेखही नसावा, याची चुटपुट लागली.

ग्रीन-वुड १८३८ची. या प्रकाराला तिकडे ‘ग्रामीण दफनभूमी’ म्हणतात, म्हणजे खेड्यातली नव्हे. शहरातली चर्चची आवारं भरून गेली, रोगराईची भीती वाढली, तेव्हा वस्तीबाहेर टेकड्या, तळी आणि वळणावळणाच्या वाटा राखून ही जागा केली गेली. याच धर्तीचं बॉस्टनजवळचं माउंट ऑबर्न १८३१चं, त्याआधी पॅरिसचं पेर लाशेझ. पुढे ब्रुकलिनच वाढत वाढत ग्रीन-वुडच्या चहूबाजूंनी पसरलं.

त्या काळी सार्वजनिक बागा जवळपास नव्हत्याच. त्यामुळे माणसं इथेच फिरायला येत; १८६०च्या सुमारास वर्षाला पाच लाख! दफनभूमींत लोटणारी अशी गर्दी दाखवूनच त्याच्या काही वर्षं आधी उद्यानरचनाकार अँड्र्यू जॅक्सन डाउनिंग यांनी शहरांना उद्यानं हवीत, असा आग्रह धरला. सेंट्रल पार्कची गोष्ट इथून सुरू होते.

मी गेलो तेव्हा तपकिरी दगडाच्या उंच गॉथिक कमानीपाशीच बराच वेळ रेंगाळलो. कळसांच्या खाचांत काटक्यांची भलीमोठी घरटी, आणि त्यांतून आत-बाहेर करणारे हिरवे पोपट. मूळचे दक्षिण अमेरिकेतले. आतल्या ‘बॅटल हिल’ या टेकडीवर अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धातली १७७६ची लढाई झाली होती.

पुरवणीत या जागेवर स्वतंत्र लेख द्यावा, ही मनापासून विनंती.

– एक नियमित वाचक